आकाश युद्धाला आंदण का द्यावे?

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक सवय जडते, ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. समोर काहीही आले, की त्याच्या मनात आधी तीन प्रश्न उभे राहतात. याची किंमत किती? हे टिकणार किती वर्षे? आणि तारण म्हणून हे ठेवून घेता येईल का? घर, जमीन, सोने, यंत्रसामग्री यांच्याकडे या प्रश्नांची उत्तरे असतात. आम्ही कादंबरीकार मंडळी जे लिहितो त्याच्याकडे ती नसतात, ही गोष्ट मी सोयीस्करपणे विसरतो. तो भाग वेगळा.

या तिन्ही प्रश्नांची दांडी उडवणारी एक कलाकृती ११ सप्टेंबर १९७२ च्या रात्री म्युनिकच्या ऑलिंपिक पार्कमध्ये, तिथल्या तळ्यावर उभी राहिली. पॉलिथिनच्या पाच रंगीत नळ्या, प्रत्येकी सुमारे ६०० मीटर लांबीच्या. आत हेलियम वायू भरलेला. पाण्यावरून त्या कमानीसारख्या आकाशात चढल्या आणि तिथे इंद्रधनुष्य तयार झाले. ऑलिंपिक खेळांच्या समारोपासाठी ते होते. समारोप झाला, वायू सोडून दिला, इंद्रधनुष्य संपले. किंमत विचाराल, तर बाजारात मांडता येत नाही. टिकाऊपणा विचाराल, तर एका सोहळ्यापुरता. तारण विचाराल, तर हवा!

हे इंद्रधनुष्य घडवणाऱ्या कलावंताचे नाव ओटो पीने. रंग-कुंचल्याऐवजी प्रकाश, आग, धूर, वारा आणि वायू यांच्याशी आयुष्यभर संसार केलेला हा जर्मन माणूस. ज्याला ‘कायनेटिक आर्ट’ म्हणतात, म्हणजे हलणारी, गती हाच जिचा प्राण अशी कला, तिच्या मोठ्या कलावंतांमध्ये त्याची गणना होते. आपल्याकडे त्याचे नाव चित्रकारांच्या वर्तुळाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही. पण रविवारच्या सकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून विचार करावा असा एक प्रश्न त्याने विचारून ठेवला आहे. आणि गेल्या काही वर्षांत तो प्रश्न जुना होण्याऐवजी अधिकच ताजा झाला आहे.

तोफेजवळचा शाळकरी मुलगा

ओटो पीने यांचा जन्म १८ एप्रिल १९२८ चा. गाव लास्फे, पश्चिम जर्मनीतले. बालपण ल्युबेके नावाच्या छोट्या शहरात गेले. ते पाच वर्षांचे असण्याच्या आधीच हिटलर सत्तेवर आला होता आणि अकरा वर्षांचे असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले. युद्ध जसजसे जर्मनीच्या अंगावर आले, तसतशी मोठी माणसे आघाडीवर संपत गेली आणि त्यांच्या जागा भरायला शाळेतली मुले ओढली जाऊ लागली. वर्गच्या वर्ग उचलून विमानवेधी तोफांवर नेमले जात. पीने हे त्यांतलेच एक. वय पंधरा-सोळा. आपल्याकडे दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाचे वय.

या मुलांचे काम काय? रात्रभर आकाशाकडे डोळे लावून बसायचे. सर्चलाइटचे झोत काळोख चिरत फिरायचे. त्यांत एखादे विमान सापडले की तोफा गरजायच्या, आणि पेटत्या गोळ्यांच्या रेषा वर चढत जायच्या. वरून विमाने रंगीत निशाण्या सोडायची, म्हणजे मागून येणाऱ्यांना बाँब कुठे टाकायचे ते कळावे. खाली शहरे जळायची आणि त्यांचा तांबडा उजेड ढगांवर पसरायचा.

या सगळ्या दृश्यात एक भयंकर अडचण होती. ते सुंदर दिसत होते. सोळा वर्षांच्या मुलाचे डोळे माणसे मारण्याच्या त्या खटाटोपातही प्रकाशाचा खेळ पाहत होते. सौंदर्य आणि मृत्यू एकाच काळ्या पाटीवर एकमेकांत मिसळून लिहिले जात होते. पुढे हा मुलगा ब्रिटिशांचा युद्धकैदी झाला, सुटला, मोठा झाला. पण मला वाटते, त्याचे पुढले सारे आयुष्य ती पाटी पुसून तिच्यावर दुसरे काही लिहिण्यात गेले.

मुंबईत १९७१ च्या डिसेंबरमध्ये जे लहान होते त्यांना याची पुसटशी कल्पना करता येईल. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. खिडक्यांच्या काचांवर काळे कागद डकवलेले, मोटारींचे दिवे निम्मे काळे रंगवलेले, भोंगा वाजला की चाळभर अंधार आणि खालून ‘लाइट बंद करा’ अशी हाक. विमानवेधी तोफांच्या ठिणग्यांची माळ वर चढताना आम्ही पोरांनी गॅलरीच्या कठड्यावरून पाहिली. आजी देवाचे नाव घेत होती, आणि आम्ही भीतीने एकमेकांचे हात धरूनही ‘वा!’ म्हणत होतो. ते दोन आठवड्यांतच संपले, आमच्या चाळीला ओरखडाही उमटला नाही. पीने यांच्या वाट्याला मात्र असे आकाश किती रात्री आले असेल!

शून्य, पण रिकामे नव्हे

युद्ध संपले तेव्हा जर्मनीजवळ शहरांऐवजी विटांचे ढीग होते. त्या क्षणाला जर्मन लोक ‘शून्य तास’ म्हणत. पीने यांनी आधी म्युनिकला आणि मग ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिक्षण घेतले, त्यानंतर कलोन विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. पोटासाठी ड्युसेलडॉर्फच्या एका फॅशनविषयक संस्थेत शिकवण्याची नोकरीही केली. त्यांचा मित्र हाइन्झ माक, जन्म १९३१ चा, त्यानेही कला आणि तत्त्वज्ञान असा दुहेरी अभ्यास केलेला. दोघांचे स्टुडिओ ड्युसेलडॉर्फच्या ग्लाडबाखर रस्त्यावर, ६९ क्रमांकाच्या जागेत होते.

नव्या कलावंतांना जागा देणाऱ्या गॅलऱ्या तेव्हा अगदी मोजक्या. मग या दोघांनी एक युक्ती काढली. आपल्याच स्टुडिओत एका संध्याकाळपुरते प्रदर्शन भरवायचे. ११ एप्रिल १९५७ ला पहिले भरले. संध्याकाळी लोक जमले, चित्रे पाहिली, भरपूर वाद घातले आणि घरी गेले. अशा ‘सायं-प्रदर्शनां’ची एक मालिकाच सुरू झाली. त्यातूनच ‘झीरो’ ही चळवळ उभी राहिली. १९५८ मध्ये त्याच नावाच्या नियतकालिकाचे दोन अंक निघाले, तिसरा १९६१ मध्ये. त्याच सुमारास ग्युंटर युकर हा तिसरा गडी येऊन मिळाला. लाकडावर, खुर्चीवर, पियानोवर हजारो खिळे ठोकून त्यांच्या सावल्यांतून प्रकाश खेळवणारा तो कलावंत. २०२५ मध्ये त्याचे निधन झाले.

‘झीरो’ हे नाव का? रॉकेट सोडण्यापूर्वी उलटे आकडे मोजतात, दहा, नऊ, आठ, आणि शून्यावर आले की रॉकेट उडते. ते शून्य या मंडळींना हवे होते. जुने संपल्याचे नव्हे, नवे सुरू होण्याच्या आधीची निःशब्द जागा दाखवणारे. शून्याशी आपल्या देशाचे नाते जुने आहे, त्यामुळे हे आपल्याला परके वाटू नये. बँकेच्या खातेवहीत नुसते शून्य दिसले तर खातेदाराचा चेहरा पडतो. पण तेच शून्य आकड्याच्या उजवीकडे जाऊन बसले की एकाचे दहा होतात. पीने आणि त्यांच्या मित्रांनी जर्मनीच्या वहीतले ते पडलेले शून्य उचलले आणि आकड्याच्या उजव्या बाजूला ठेवून पाहिले, असे मला म्हणावेसे वाटते.

भोके, दिवे आणि भिंती

त्यांच्या कामाची सुरुवात अगदी घरगुती सामानाने झाली. १९५७ च्या सुमारास पीने यांनी पुठ्ठ्याला, पत्र्याला ओळीने भोके पाडून चाळण्या तयार केल्या आणि त्यांतून कॅनव्हासवर रंग दाबला. जाडसर ठिपक्यांची रांगच रांग उमटली. रंग एकच, बहुधा पांढरा, पिवळा किंवा चंदेरी. चित्रात फूल नाही, बाई नाही, डोंगर नाही. त्या ठिपक्यांवर उजेड पडला की पृष्ठभाग थरथरल्यासारखा दिसे. चित्र हलत नव्हते, पण पाहणाऱ्याची नजर हलू लागली होती.

मग त्यांच्या मनात आले, की या भोकांतून रंगच का जावा? प्रकाश का जाऊ नये? १९५९ मध्ये अंधाऱ्या खोलीत, हातात दिवे घेऊन, ते त्या चाळण्यांमागे फिरवून त्यांनी भिंतींवर प्रकाशाचे ठिपके नाचवले. याला नाव दिले ‘प्रकाशाचे बॅले’. पुढे हातांची जागा मोटारींनी घेतली. भोके पाडलेले धातूचे गोळे, पेट्या, पिंपे. आत दिवे, आणि ते हळूहळू फिरवणारी यंत्रणा. खोलीत शिरले, की ठिपके भिंतीवरून छतावर, छतावरून शेजारच्या माणसाच्या सदऱ्यावर आणि तिथून आपल्या स्वतःच्या हातावर सरकत येतात. चित्रासमोर आपण उभे राहतो, इथे आपण चित्राच्या आत असतो. नर्तक कोणी नाही, रंगमंच नाही, पण नाच चालू आहे.

त्याच काळात त्यांनी धुराची आणि आगीची चित्रे काढली. चाळणीतून काजळी कॅनव्हासवर बसवायची. रंगावर ज्वलनशील द्रव ओतून तो क्षणभर पेटवायचा आणि विझवायचा. रंगाला फोड येतात, कडा करपतात, मध्ये एखादा गोल उरतो. तो कुणाला सूर्य वाटतो, कुणाला फूल. ज्या आगीने शहरे खाल्ली तीच आग इथे दोन हात लांबीच्या कापडावर, माणसाच्या ताब्यात राहून, फूल काढते आहे! हे पाहिले, की या कलावंताच्या डोक्यात काय चालले होते ते लख्ख कळते. युद्धाच्या सामानातली एकेक वस्तू तो परत मागून घेत होता. आग घेतली, धूर घेतला, काळोखात फिरणारे झोत घेतले. राहिले होते आकाश.

‘झीरो’च्या १९६१ च्या तिसऱ्या अंकात त्यांनी स्वर्गाकडे नेणाऱ्या वाटांविषयी एक लेख लिहिला. त्याचा गाभा माझ्या शब्दांत सांगायचा तर असा. रात्रीच्या आकाशात प्रकाशाचे मोठे खेळ आजवर युद्धानेच केले. ते काम आपण बिनबोभाट युद्धाकडे सोपवून दिले. मग शांततेच्या काळात, कुणाला भीती न घालता, केवळ आनंदासाठी आपण आकाश का वापरत नाही? त्याच वर्षी जुलैमध्ये ड्युसेलडॉर्फच्या रस्त्यावर, श्मेला गॅलरीसमोर, ‘झीरो’च्या मंडळींनी उत्सव केला. साबणाचे फुगे उडवले आणि गरम हवेचा एक मोठा फुगा झोतांच्या उजेडात वर सोडला. सोळा वर्षांपूर्वी ज्या देशात झोत पडला की काहीतरी कोसळायचे, तिथे झोतात काहीतरी वर चढत होते. लोक रस्त्यात उभे राहून माना वर करून पाहत होते आणि कुणीही तळघराकडे पळत नव्हते.

एक खोली वायू, एक माणूस हवेत

१९६६ मध्ये ‘झीरो’ संपवायचे असे ठरवून ते संपवले गेले. चळवळ चालू असतानाच ती बंद करण्याचे शहाणपण किती संस्थांना सुचते? पीने तोवर अमेरिकेत गेले होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आपल्या पालकवर्गाच्या ओळखीची ‘एमआयटी’. तिथे ग्यॉर्गी केपेश या हंगेरियन कलावंताने १९६७ मध्ये एक केंद्र काढले होते, कलावंत आणि वैज्ञानिक यांनी शेजारी शेजारी बसून काम करावे म्हणून. १९६८ मध्ये पीने तिथल्या पहिल्या फेलोंपैकी एक झाले, आणि १९७४ पासून जवळजवळ दोन दशके केंद्राचे संचालक.

१९६९ मध्ये बॉस्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्रासाठी त्यांनी हेलियमने भरलेल्या पारदर्शक नळ्या बांधून एका तरुण मुलीला जमिनीवरून उचलले. जुन्या सवयीने मी याचा हिशेब मांडून पाहिला. एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला उचलायला पन्नास घनमीटर लागेल, नळ्यांचे वजन वेगळे. आपल्या घरातली बारा बाय पंधराची, दहा फूट उंचीची खोली साधारण तेवढीच भरते. एका दिवाणखान्याइतक्या वायूत एक माणूस हवेत! हिशेब साधा आहे, पण तो असा वापरावा हे सुचायला वेगळे डोके लागते.

याच सुमारास त्यांनी या प्रकाराला ‘स्काय आर्ट’ असे नाव दिले. पुढे १९८१ पासून त्यासाठी परिषदाही भरवल्या. यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यात लागणारे हात. वाऱ्याची एक झुळूक आली तरी ६०० मीटरची नळी कुठच्या कुठे जाईल. दोर धरायला माणसे लागतात, आणि सगळ्यांना एकाच वेळी सोडावे व ओढावे लागते. वारा हा या कामाचा वरिष्ठ अधिकारी, आणि तो कुणाचे ऐकत नाही. विमानवेधी तोफेवरही माणसांची तुकडीच लागत असे. तुकडी तीच, फक्त आता ती आकाशात काहीतरी चढवत होती, आकाशातून काही पाडत नव्हती.

म्युनिकचे इंद्रधनुष्य

आता त्या इंद्रधनुष्याकडे परत येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

१९७२ चे म्युनिक ऑलिंपिक पश्चिम जर्मनीने मोठ्या हौसेने मांडले होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची हिटलरशाही छाया पुसायची होती. पण ५ सप्टेंबरच्या पहाटे पॅलेस्टिनी दहशतवादी क्रीडाग्रामात शिरले. त्यांनी इस्राएली पथकातील दोघांना ठार केले, नऊ जणांना ओलीस धरले. रात्री हेलिकॉप्टरांतून सगळ्यांना फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर नेले गेले. तिथे सुटकेचा प्रयत्न पूर्ण फसला. नऊही ओलीस आणि एक जर्मन पोलिस मारले गेले. खेळ थांबले, शोकसभा झाली, आणि ऑलिंपिक समितीने खेळ पुढे चालू ठेवायचे ठरवले. समारोप एक दिवस लांबला. ११ सप्टेंबरच्या त्या समारोपात पीने यांचे इंद्रधनुष्य आकाशात चढले.

हे योग्य झाले का? आपल्या घरात सुतक असले तर आपण तोरण बांधत नाही, गोडधोड करत नाही, सण आला तरी तो तसाच जाऊ देतो. मग इस्राएली पथकातील अकरा जणांना मारून पुरते सात दिवसही झाले नव्हते, तेव्हा रंगीत कमान उभारायची? ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना ते इंद्रधनुष्य कसे दिसले असेल? हा आक्षेप मी सहज बाजूला सारणार नाही. तो माणुसकीचा आक्षेप आहे.

तरीही माझा कौल इंद्रधनुष्याच्या बाजूने पडतो, आणि का ते सांगतो. त्या आठवड्यात म्युनिकच्या आकाशाने शेवटचे जे पाहिले ते होते ओलिसांना घेऊन जाणारी हेलिकॉप्टरे. लोकांच्या आठवणीतले शेवटचे आकाश तेच राहिले असते, तर दहशतवाद्यांना हवे होते ते सारे मिळाले असते. उत्सव मोडला, आकाश भीतीचे झाले. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ज्याने आकाशाला घाबरायला शिकले होते, त्या चव्वेचाळीस वर्षांच्या कलावंताने ते आकाश तसे सोडून दिले नाही. ते इंद्रधनुष्य सणाचे तोरण नव्हते. सुतक असलेल्या घरातही संध्याकाळी दिवा लावतातच, त्या जातीचे ते होते.

पण त्या दिव्याने हिशेब मिटत नाही, हेही सांगायला हवे. मृतांच्या कुटुंबीयांचे देणे जर्मनीने पन्नास वर्षे थकवले. भरपाईचा समझोता व्हायला २०२२ साल उजाडले. २ कोटी ८० लाख युरो असा तो आकडा होता. आणि ५ सप्टेंबर २०२२ ला जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी त्या विमानतळावरच कुटुंबीयांची क्षमा मागितली. कलेने न्यायाची जागा घेऊ नये, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये. इंद्रधनुष्य इंद्रधनुष्याच्या खात्यावर, देणे देण्याच्या खात्यावर. एकाची नोंद दुसऱ्यात करणाऱ्याला कोणताही हिशेब तपासनीस सोडणार नाही.

जे टिकत नाही त्याचे मोल

राहिला टिकाऊपणाचा प्रश्न. खरे तर मराठी माणसाला तो पडूच नये. सकाळी अंगणात काढलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत पायांखाली जाते, म्हणून उद्या ती काढायची कुणी थांबत नाही. दीड दिवसाच्या गणपतीची आरास दीड दिवसाचीच असते. टिकणे हे मोलाचे एक माप आहे, एकमेव नव्हे. उलट जे टिकणार नाही हे ठाऊक असते, त्याच्याकडे आपण जास्त नीट पाहतो.

टिकाऊ काम पीने यांनी केले नाही असेही नाही. र्‍हाईन नदीजवळ मोर्स या गावी कोळशाच्या खाणीतून निघालेल्या मातीदगडांची प्रचंड टेकडी आहे. तिच्या माथ्यावर २००७ मध्ये त्यांच्या कल्पनेतला सुमारे ३० मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला, खाणकामगाराच्या दिव्याच्या आकाराचा. रात्री तो टेकडीला तांबडा उजेड देतो. पिढ्यान्‌पिढ्या जी माणसे दिवा घेऊन जमिनीखाली उतरली, त्यांचा दिवा शेवटी आकाशाखाली आला.

त्यांच्या पत्नी एलिझाबेथ गोल्डरिंग या कवयित्री, आणि एमआयटीच्या त्याच केंद्रातल्या सहकारी. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. डोळ्यांच्या तपासणीत एका लेसर यंत्राने प्रतिमा थेट डोळ्याच्या पडद्यावर पाडली, आणि त्यांना ती दिसली. तेव्हा त्यांनी ‘सन’, म्हणजे सूर्य, हा शब्द दाखवायला सांगितला. तो त्यांनी वाचला. पुढे एमआयटीच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, लेसरऐवजी स्वस्त एलईडी वापरून, दृष्टी अधू झालेल्यांना पाहण्यास मदत करणारे यंत्र बनवण्याच्या कामी त्या लागल्या. घरात एकाने आकाशात उजेड पाठवला, दुसरीने डोळ्याच्या आत.

जुलै २०१४ मध्ये बर्लिनला पीने यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. त्याचे नाव ‘अधिक आकाश’ अशा अर्थाचे. नोए नॅशनलगॅलरीच्या काचेच्या प्रशस्त दालनात रात्री दहा ते पहाटे तीनपर्यंत त्यांची १९६७ ची एक कलाकृती दाखवली जाणार होती. हाताने रंगवलेल्या काचेच्या स्लाइड्सचा खेळ, एका सूर्यापासून अनेक सूर्य होत जाणारा. १७ जुलैला तिकडे जात असताना टॅक्सीतच त्यांचे निधन झाले. वय ८६. ठरलेला आकाशाचा कार्यक्रम १९ जुलैला झाला. त्यांचे हवेने फुगलेले तारे त्या कलादालनावर चढले.

आजचे आकाश

मग त्यांच्या त्या १९६१ च्या प्रश्नाचे काय झाले? एका अर्थी जग त्यांच्या बाजूने आले आहे. २३ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात १,८२४ ड्रोन आकाशात चढले आणि त्यांनी पृथ्वीचा गोल तयार केला. आणि दुसऱ्या अर्थी प्रश्न आणखी टोकदार झाला आहे. २०२२ पासून युक्रेनमध्ये चाललेल्या युद्धात ड्रोन हे रोजचे हत्यार झाले. यंत्राचे नाव एकच. एका ठिकाणी मुले ते पाहायला गच्चीवर धावतात, दुसऱ्या ठिकाणी त्याचा आवाज आला की तळघरात.

यंत्राला स्वतःची बाजू नसते, ते ज्याच्या हाती पडेल त्याचे होते, हे आपण शाळेच्या निबंधांतून इतक्यांदा लिहिले आहे की त्याची धारच गेली आहे. पीने यांच्या आयुष्यातून मला त्याच्या पुढची गोष्ट दिसते. युद्ध थांबले म्हणजे आकाश आपोआप शांततेचे होत नाही. ते फक्त रिकामे होते, आणि रिकामी जागा जो आधी येईल तो बळकावतो. युद्धाची तयारी करणारे कधी सुट्टी घेत नाहीत, त्यांची अंदाजपत्रके वर्षानुवर्षे आधीच मंजूर असतात. शांततेच्या बाजूने मात्र ‘हे हवे कशाला, यातून मिळणार काय’ हा प्रश्न लगेच विचारला जातो. तो विचारणाऱ्यांत माझ्यासारखे हिशेबी लोक पुढे असतात. त्यांना माझे सांगणे एवढेच, की मुलांनी न भिता वर पाहावे यासाठी केलेला खर्च हा चैनीच्या सदरात टाकू नका. ज्याने भिऊन वर पाहिले होते, त्याने त्याची गरज आयुष्य खर्चून दाखवून दिली आहे.

याची सुरुवात करायला हेलियम लागत नाही, परवानगी लागत नाही, आणि एमआयटीत नाव घालावे लागत नाही. आज संध्याकाळी स्वयंपाकघरातली चाळणी घ्या, नाहीतर बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन त्याला मोठ्या माणसाने खिळ्याने भोके पाडून द्यावीत. आत टॉर्च धरा, खोलीतले दिवे बंद करा आणि डबा नातवाच्या नाहीतर मुलीच्या हाती देऊन सांगा, सावकाश फिरव. १९५९ मध्ये ड्युसेलडॉर्फमध्ये याहून फारसे वेगळे सामान नव्हते. ठिपके छतावर चढतील, पंख्यावरून वळतील, आजीच्या पातळावर येऊन थांबतील. अंधारात मुले ओरडतील. त्या ओरडण्यात भीती नसेल.